जोडीचा गडी

चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने माखून निघतो. जोतिबाची यात्रा ज्यांनी एकदा तरी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. हलगी कडाडत असते, ‘चांगभलं’च्या गजराने कान दुमदुमतात आणि माणसांच्या त्या लोंढ्यातून उंचच उंच सासनकाठ्या नाचत येतात. काठी पेलणारा गडी सर्वांच्या डोळ्यांत भरतो. पण जरा नीट पाहावे. काठीला बांधलेले दोर चारी बाजूंनी ताणून धरणारे गडीही घामाने निथळत असतात. एकाने दोर अंमळ ढिला सोडला, की काठी कललीच म्हणून समजा! नाचतो एक आणि तोल राखतात बाकीचे.

ते दृश्य पाहताना मला देवाच्या दारी भलतेच काही आठवले. आठवले ते बॅडमिंटन, आणि तेही दुहेरीचे! वाचक हसतील; पण थोडे ऐकून घ्यावे.

आम्हां कोल्हापूरकरांना वेड कुस्तीचे. मल्ल हौद्यात एकटा उतरतो. जिंकला तर फेटा त्याचा, हरला तर पाठीची मातीही त्याचीच. दुहेरीच्या खेळाडूचे तसे नाही. त्याच्या यशापयशाचा हिशेब जन्मभर दोघांच्या नावावर मांडलेला असतो. असा हिशेब ज्याने जगातल्या पहिल्या क्रमांकापर्यंत नेला, तो आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी.

हा खेळ महाराष्ट्राला परका नाही. पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत, म्हणून एके काळी त्याचे नावच ‘पूना’ पडले होते. पुढे आमच्या शेजारच्या सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात परदेशी स्पर्धा जिंकली. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. नाटेकर एकेरीही खेळत आणि दुहेरीही. केवळ दुहेरीवर आयुष्य उभे करायचे, ही कल्पना त्या काळी कुणाला सुचली नसती. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीचे कांस्यपदक आणले. त्यानंतर मात्र ती जागा रिकामी राहिली. थोडीथोडकी नव्हे, ४१ वर्षे!

चिरागचा जन्म ४ जुलै १९९७चा. दुहेरीत नाव मिळवलेल्या उदय पवार यांच्या मुंबईतील अकादमीत त्याने धडे गिरवले आणि पुढे हैदराबादला गोपीचंद यांच्या अकादमीत तो दाखल झाला. तेथे मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्याची गाठ आंध्रातील अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्याशी घालून दिली. चिरागहून हा तीन वर्षांनी लहान. पंचाईत अशी, की दोघेही मागून उंच उडी घेऊन स्मॅश हाणणारे! दोघेही मागेच उभे राहिले, तर जाळीजवळ कोण थांबणार?

दुहेरीची सारी मेख येथे आहे. कोर्टाची लांबी तीच ४४ फूट. रुंदी एकेरीला १७ फूट, तर दुहेरीला २०. तीन फूट वाढले आणि माणूस एक वाढला, म्हणजे काम हलके झाले असे वाटेल. प्रत्यक्षात फूल इतक्या वेगाने येते-जाते, की विचार करायला सवड नसते. हल्ला करताना एक पुढे, एक मागे. बचाव करताना दोघे शेजारी. आणि ही अदलाबदल न बोलता, फूल हवेत असतानाच उरकायची. मागे वळून पाहायचे नाही. जो भाग आपला नाही, तो दुसऱ्यावर सोडून द्यायचा. स्मॅशचा शौकीन चिराग जाळीशी उभा राहून जोडीदारासाठी संधी निर्माण करायला शिकला, ही त्याची खरी तपश्चर्या.

तरीही नशीब चकवतेच. जुलै २०२१मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये या जोडीने गटातील तीनपैकी दोन सामने जिंकले. पहिल्याच सामन्यात हरवलेली तैवानची जोडी पुढे सुवर्णपदक घेऊन गेली. पण गटातील तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले आणि गेमच्या हिशेबात आमची जोडी बाद ठरली! सुवर्णविजेत्यांना हरवून घरी परतण्याचे दुःख काय असते, ते त्या दोघांनाच ठाऊक.

पण ती खचली नाहीत. १५ मे २०२२ रोजी बँकॉकला थॉमस चषकाच्या अंतिम सामन्यात गाठ पडली इंडोनेशियाशी. पहिली गेम गमावलेली, दुसरीत हार समोर उभी. तिथून सामना फिरवून त्यांनी तो १८-२१, २३-२१, २१-१९ असा खेचून आणला. थॉमस चषक भारतात प्रथमच आला. २०२३मध्ये दुबईला आशियाई अजिंक्यपद आणि ७ ऑक्टोबरला हांगचौच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक. ४१ वर्षे रिकामी राहिलेली जागा भरली, तीही सोन्याने! त्याच महिन्यात ही जोडी जगात पहिली ठरली.

२०२४च्या एप्रिलमध्ये सात्त्विकचा खांदा दुखावला. चिराग ठणठणीत होता. पण आशियाई अजिंक्यपद राखायला दोघांनाही उतरता आले नाही. एकाचा खांदा दुखला, की दुसऱ्याची रॅकेट पिशवीत जाते! जुलैमध्ये विश्वचषकविजेत्या क्रिकेट संघासाठी राज्याने ११ कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा थॉमस चषकही विश्वचषकाच्याच तोलाचा नव्हे काय, असे चिरागने उघडपणे विचारले. गाऱ्हाणे खोटे म्हणवेल का?

१ ऑगस्ट २०२४ हा दिवस कोल्हापूर विसरणार नाही. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. त्याच दिवशी, त्याच ऑलिंपिकमध्ये चिराग आणि सात्त्विक मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वूई यिक यांच्याकडून उपांत्यपूर्व फेरीत हरले. आम्ही गुलालात होतो. त्या दोघांकडे पाहायला सवड कुणाला होती?

वर्षभराने, ऑगस्ट २०२५मध्ये, पॅरिसच्या त्याच सभागृहात जागतिक अजिंक्यपदाची उपांत्यपूर्व फेरी रंगली. समोर तीच मलेशियाची जोडी. या वेळी आमची जोडी २१-१२, २१-१९ अशी जिंकली आणि कांस्यपदक निश्चित झाले. तोवर चिरागला जोडीदार बदलता आला नसता असे नाही. त्याने बदलला नाही.

पुढल्या चैत्रात जोतिबाला गेलात, तर काठी अवश्य पाहा. पण एकदा मान खाली करून दोर धरणाऱ्या हातांकडेही पाहा.