अंगणातील खरा अशोक

परदेशातील चित्रांत मेपलची तांबूस पाने पाहिली, की तसा एखादा छोटा वृक्ष आपल्याही दारी असावा, अशी हौस अनेकांना वाटते. परंतु जपानी मेपलला हिवाळ्यात दीर्घ थंडीची विश्रांती लागते. कोल्हापूरचा सौम्य हिवाळा ती देऊ शकत नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर त्याची कोवळी पाने करपतात.

ती हौस पुरवणारा वृक्ष सह्याद्रीच्या रानातच आहे. तो म्हणजे सीता अशोक. त्याची कोवळी पालवी तांबूस झुपक्यांनी खाली लोंबते आणि मग हळूहळू हिरवी होते. फाल्गुन-चैत्रात केशरी सुवासिक फुलांचे गुच्छ येतात. पुढे ते लाल होतात. तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत अशोकवृक्षाची गणना होते.

तरीही बंगल्यांच्या कुंपणालगत बहुधा दिसतो तो खांबासारखा सरळ वाढणारा खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुळातला. त्याची पाने सुटी, लांबट व कडेला नागमोडी असतात. खरा अशोक चिंचेच्या कुळातला. त्याच्या एका देठावर पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या असतात आणि त्याला चपट्या शेंगा येतात. रोप घेताना पाने अवश्य पाहावीत.

या वृक्षाला अर्धवट सावली व ओलावा मानवतो. म्हणून घराच्या पूर्वेस, भिंतीपासून सुमारे दहा फुटांवर जागा निवडावी. मृगाच्या पावसानंतर दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा आणि तो माती व कुजलेल्या शेणखताने भरावा. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून रोपाभोवतीची माती थोडी उंच ठेवावी. उन्हाळ्यात बुंध्याभोवती वाळक्या पानांचे आच्छादन करून नियमित पाणी द्यावे. फुले जुन्या फांद्यांवर येतात. त्यामुळे जोराची छाटणी टाळावी. वाढ संथ असल्याने बहरासाठी काही वर्षे धीर धरावा लागतो.

औषधासाठी साल ओरबाडल्याने रानातील अशोक विरळ झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये त्याची नोंद असुरक्षित प्रजातींत केली. अंगणातल्या अशोकाची साल मात्र कोणी सोलत नाही. त्याच्या पिकलेल्या शेंगांतील बी लवकर निर्जीव होते. म्हणून ते ताजेच पेरावे आणि उगवलेली रोपे शेजारीपाजारी वाटावीत. रानात घटलेला हा वृक्ष अशा घराघरांतून टिकू शकेल.