बाणाची काठी आणि ब्राउझर

लक्ष्मीपूजनाच्या रात्री काठी मोडलेला बाण पेटवला, तर तो वर न जाता गिरक्या घेत भलत्याच अंगणात शिरतो. उडणाऱ्या वस्तूचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेचा दाबमध्य मागे असला, तरच तिचे तोंड वाटेवर राहते. बाणाला ही शिस्त काठी लावते. छंद म्हणून केलेल्या पुठ्ठ्याच्या रॉकेटला ती शिस्त शेपटीचे पंख लावतात.

पण पंख केवढे हवेत? त्यांच्या आकारानुसार दाबमध्य सरकतो. १९६६ मध्ये नासातील जेम्स बॅरोमन आणि त्यांच्या पत्नी ज्युडिथ यांनी दाबमध्य काढण्याची सूत्रे हौशी रॉकेटकारांच्या हाती दिली. समजा, रॉकेटचा व्यास २५ मिलिमीटर आहे. टोकापासून गुरुत्वमध्य २१५ आणि दाबमध्य २५० मिलिमीटरवर आहे. मधले अंतर ३५, म्हणजे व्यासाच्या १.४ पट. साधारणपणे एक ते दोन पट अंतर चांगले मानतात.

हेलसिंकीतील विद्यार्थी साम्पो निस्कानेन यांनी २००९ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी ही सूत्रे वापरून ‘ओपनरॉकेट’ हे सॉफ्टवेअर लिहिले. ते मोफत आहे आणि त्याचा कोडही सर्वांना खुला आहे. उड्डाणाचा क्षणाक्षणाचा हिशेब ते मांडते. मात्र ते जावा भाषेतले, डेस्कटॉपसाठी घडवलेले. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी किंवा सेनगावच्या मुलीच्या घरी फोन असतो, संगणक असेलच असे नाही. तिच्यासाठी हे दार ब्राउझरमधूनच उघडेल.

असे सॉफ्टवेअर ब्राउझरात चालवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘सायलॅब ऑन क्लाउड’मध्ये चोखाळली: विद्यार्थी ब्राउझरमध्ये कोड लिहितो, आकडेमोड दूरच्या सर्व्हरवर होते. साधा फोन चालतो, पण रेंज गेली की काम थांबते आणि सर्व्हरचा खर्च कुणाला तरी सोसावा लागतो. दुसरी वाट वेबअसेंब्ली या तंत्राची. २०१९ मध्ये ती वेबचे अधिकृत मानक झाली. तिच्यामुळे जड आकडेमोड फोनमधल्या ब्राउझरातच वेगाने होते. आवश्यक फाइली एकदा फोनमध्ये साठवल्या, की रेंजवाचूनही काम चालू शकते. रॉकेटचा हिशेब फोनला पेलण्याजोगा आहे, म्हणून मला हीच वाट योग्य वाटते.

ओपनरॉकेटच्या ब्राउझरकडे होणाऱ्या या स्थलांतरात कसोट्या कडक हव्यात. जुन्या फाइली नव्या ठिकाणी उघडल्या पाहिजेत. एकाच आराखड्याच्या उड्डाणाची उंची दोन्हीकडे जुळली पाहिजे. माउससाठी आखलेला पडदा बोटाला सोयीचा झाला पाहिजे. आणि पडद्यावर ‘गुरुत्वमध्य’, ‘दाबमध्य’ हे मराठी शब्द दिसले पाहिजेत.

हिंगोलीसाठी हे स्वप्न परके नाही. औंढा नागनाथ तालुक्यात चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतील लायगोने टिपलेल्या गुरुत्वीय लहरींची खुली माहिती आजही ब्राउझरमध्ये उघडून अभ्यासता येते. एवढे मोठे विज्ञान ज्या तालुक्यात येते आहे, तिथल्या मुलांना स्वतःच्या हातचे छोटे विज्ञानही मिळायला हवे.

खरे उड्डाण ब्राउझरात होत नाही; त्याला मोकळे मैदान, परवानगी आणि जाणती माणसे लागतातच. पण त्याआधीची एक परीक्षा शाळेच्या पटांगणात घेता येते. उड्डाणासाठी सज्ज, पण न पेटवलेल्या रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधून डोक्याभोवती फिरवायचे. टोक पुढे राहिले, तर रॉकेट स्थिर असल्याचा फोनवरचा निष्कर्ष पटला. दोरा हातात धरलेल्या मुलीला ते कुणी सांगावे लागत नाही.