भागिले दोनशे

अलिबागला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात आमचा विहिरीवरचा पंप दुरुस्तीला दिला होता. तो आणायला गेले तेव्हा माझ्या पुढे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांना चाळीस गेजची तांब्याची तार हवी होती, तीही जेमतेम दोन मीटर. दुकानदाराने रिळावरून तार सोडवून दिली, पैसे घेतले नाहीत आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आप्पा विक्रांत बांधतायत."

विमान विमानवाहू विक्रांतच्या डेकवर उतरतं तेव्हा त्याच्या शेपटीखालचा आकडा ज्या आडव्या पोलादी दोरांत अडकतो, आप्पांच्या मॉडेलवर ते दोर या तारेचे होणार होते. "खरा दोर बोटाएवढा जाड. भागिले दोनशे," आप्पा म्हणाले आणि तार चिमटीत धरून दाखवली. उजेडाकडे धरली तरच ती दिसत होती. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले आणि मग जातच राहिले.

अक्षी मागे टाकून चौलच्या दिशेने निघालं की नागाव. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्या रांगेने किनाऱ्याकडे जातात. आप्पांचं घर त्याच वाटेवर, नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. अंगणात सुपारी वाळत घातलेली असते आणि ओसरीवरून थिनरचा वास येतो. सुपारीचा तुरट वास आणि थिनरचा डोक्यात चढणारा गोडूस वास यांची तिथे जी मिसळ होते, ती मला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही. आता रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये कुणी गाडी रंगवत असलं, तरी मला सुपारी आठवते.

ओसरीवरच्या टेबलावर जहाज आडवं पसरलेलं असतं. खरी विक्रांत ७०० फूट, म्हणजे २१३ मीटर लांब आणि ३९ मीटर रुंद होती. ही एक मीटर सात सेंटीमीटरला किंचित कमी आणि साडेएकोणीस सेंटीमीटर रुंद आहे. साडेआठ मिलिमीटरचा माणूस तिच्या डेकवर उभा राहणार आहे.

आप्पा माझगाव डॉकमध्ये मोल्ड लॉफ्टला होते. हे काम आता संगणकावर होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जहाजाचा आराखडा कागदावर लहान असतो. तो मोठ्या दालनाच्या लाकडी जमिनीवर पूर्ण आकारात उतरवायचा. लांब लवचिक पट्टी वाकवून शिशाच्या वजनांनी जागच्या जागी दाबायची आणि तिच्या कडेने रेषा मारायची. त्या रेषेवरून साचे काढायचे आणि साच्यांवरून पोलादाचे पत्रे कापायचे. रेषेत कुठे पोक आलं तर ते पुढे जहाजाच्या अंगावर येतं. तारागिरी आणि विंध्यगिरी या फ्रिगेटी बांधल्या जात असताना आप्पा तिथे नवे होते. आठवडाभर मुंबईत खोलीवर राहायचं, शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचं आणि तिथून नागाव. "तेव्हा लहानाचं मोठं करत होतो. आता मोठ्याचं लहान करतो. पट्टी तीच," ते म्हणतात. खरोखरच ते मॉडेलच्या रेषा तपासताना लवचिक पट्टी लावतात आणि एक डोळा मिटून तिच्या कडेने बघतात.

विक्रांत त्यांच्या हातची नव्हे. ती मुळात ब्रिटिशांची. दुसऱ्या महायुद्धासाठी घाईने बांधायला घेतलेल्या हलक्या विमानवाहू जहाजांपैकी ती एक. १९४३ साली न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी तिचा कणा बसवला, १९४५ च्या सप्टेंबरात ती पाण्यात उतरली, तेव्हा युद्ध नुकतंच संपलं होतं. 'हर्क्युलिस' हे तिचं तेव्हाचं नाव. ती अर्धवट अवस्थेत तशीच पडून राहिली. १९५७ साली भारताने ती विकत घेतली. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत तिरका डेक, विमान डेकवरून फेकणारा वाफेचा कॅटापुल्ट, उतरणाऱ्या वैमानिकाला दिशा दाखवणारा आरसा अशा नव्या गोष्टी तिच्यावर चढल्या आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात आली. त्याच वर्षी मे महिन्यात तिच्यावर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी. ते पुढे नौदलप्रमुख झाले.

मॉडेल करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच असतो: कुठल्या सालची? छत्तीस वर्षांत जहाज सारखं बदलत गेलं. ऐंशीच्या दशकात सी हॅरियर विमानांसाठी कॅटापुल्ट निघाला आणि नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, डेकला वर उचललेला उतार बसला. मुंबईकरांनी नौदल सप्ताहात रांगा लावून पाहिली ती ही विक्रांत. मीही शाळेतून तीच पाहिली. आप्पांनी मात्र १९७१ चा डिसेंबर निवडला. त्या महिन्यात ते शाळकरी पोर होते. नागावात खिडक्यांना काळे कागद लावले होते, कंदिलाची वात खाली केलेली, आणि सगळी वाडी एका रेडिओभोवती बसलेली. "नाव ऐकलं, बघितली नव्हती. म्हणून तीच करायची," ते म्हणाले. हे कारण मला फार पटलं.

त्या लढाईत विक्रांत धडधाकट नव्हती, हे रेडिओवर कुणी सांगत नव्हतं. १९७० मध्ये तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या पिंपांना भेगा आढळल्या होत्या. वेल्डिंगने त्या भरून निघण्यासारख्या नव्हत्या. २५ नॉटचं जहाज, पण तेवढा जोर लावायची सोय राहिली नव्हती. आणि जहाजाचा वेग हीच तर उडणाऱ्या विमानाला समोरून मिळणारी हवा. वारा पडलेला असला की वजनदार आलिझे विमान हवेत सोडणं जिकिरीचं. तरीही तिला बंगालच्या उपसागरात नेलं. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, तेव्हा विक्रांत अंदमानच्या आडोशाला होती. ४ डिसेंबरला तिच्यावरून आठ सी हॉक विमानं कॉक्स बझारवर गेली. नौदल दिन आपण त्याच तारखेला पाळतो तो कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्यासाठी, त्यामुळे पूर्वेकडची ही सकाळ थोडी झाकली जाते. आप्पांच्या डेकवर ती आठ विमानं उभी राहणार आहेत.

बांधणीचं तंत्र त्या मानाने लवकर सांगून होतं. प्लायवूडच्या फासळ्या, त्यावर शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या, मग गाडीवाले भरतात तशी लांबी, मग पॉलिश पेपर, पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर. डेक आणि ब्रिजचा मनोरा प्लास्टिकच्या पत्र्याचा. कठडे तांब्याच्या तारेला डाग देऊन केलेले. टामिया किंवा ट्रम्पेटरच्या पेटीत अमेरिकन-जपानी विमानवाहू जहाजांचे सुटे भाग छापील सूचनांसह येतात. इथे तसं काही नाही. फोटो मोजून, भागून, कापून काढायचं.

अडलंय ते नाळेपाशी. पाण्याच्या रेषेजवळ नाळ निमुळती असते. वर चढताना ती दोन्ही अंगांनी फाकत जाते आणि शेवटी चौकोनी डेकच्या कडेला जाऊन मिळते. निमुळत्याचं चौकोनी होताना मधला पृष्ठभाग कुठेही सपाट नसतो. पट्ट्या तिथे वळत नाहीत, उकलतात. आप्पांनी ती बाजू तीनदा काढून टाकली आहे. एका रविवारी मी पोचले तेव्हा ते डोळे मिटून, उघडा पंजा नाळेवरून मागे-पुढे फिरवत होते. मी आल्याचं त्यांना कळलं, पण हात थांबला नाही. मग तर्जनी एका जागी ठेवून त्यांनी पेन्सिल मागितली आणि तिथे बारीक फुली मारली. मी त्या जागेवरून बोट फिरवलं. मला काही लागलं नाही. तिरप्या उजेडात बॅटरी धरल्यावर फुलीखाली केसभर खळगा दिसला. मी पुढे कितीतरी वेळा गेले, काही विमानं झाली, तोफा झाल्या, पण माझ्या मनात तो हातच राहिला आहे. चाळीस वर्षांच्या कामाने तळव्यात जे साठतं, ते पुढच्या माणसाला कुठल्या वहीतून देता येईल, मला माहीत नाही.

सी हॉकसाठी आप्पा गोव्याला जाऊन आले. दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात ते विमान उघड्यावर उभं आहे, आलिझेही आहे. सी हॉकचं इंजिन एकच, पण धूर बाहेर पडायला पंखांच्या मुळाशी दोन्हीकडे वेगळी तोंडं. फोटोत ती सावलीत जातात. आप्पांनी त्यांचे आकार वहीत काढून आणले. बारा मीटरचं विमान भागिले दोनशे म्हणजे सहा सेंटीमीटर. त्यात ती तोंडं टाचणीच्या माथ्याएवढी. ती कोरलेली आहेत. डेकवर विमान ठेवलं की ती कुणालाही दिसणार नाहीत.

काम करताना आप्पा फारसं बोलत नाहीत. मध्येच कानस थांबवून म्हणतात, "साठ कोटी." आणि कानस पुन्हा सुरू.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत सेवेतून निवृत्त झाली. काही वर्षं ती संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती, २०१२ मध्ये तेही धोकादायक म्हणून बंद झालं. मग लिलाव झाला, ६० कोटींना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण वाचवू पाहणाऱ्यांना यश आलं नाही आणि २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईतच, दारूखान्याच्या जहाजतोडणीच्या जागी, तिला मोडायला सुरुवात झाली. आप्पा तेव्हा निवृत्त होते. तरी भाऊच्या धक्क्याला उतरून ते दारूखान्यापर्यंत जात. आत सोडत नसत. गॅस कटरच्या ठिणग्या लांबून दिसत. जाण्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "आतल्या फासळ्या तेव्हाच दिसल्या ना." उभ्या जहाजाच्या पोटातलं जे दिसत नाही, ते कापलेल्या जहाजात दिसतं. मॉडेलच्या फासळ्यांमधलं अंतर त्यांनी तिथे जे दिसलं त्यावरून ठरवलं आहे.

साठ कोटी. घरी येऊन मी हिशेब केला. जहाजाचं वजन १६ हजार टन धरलं तर किलोला साडेसदतीस रुपये होतात. अंगणात वाळत पडलेली सुपारी याच्या कितीतरी पट भावाने जाते.

जहाज राखणं स्वस्त नसतं, हे मला मान्य आहे. खाऱ्या पाण्यात उभं पोलाद रोज झिजतं आणि पत्रे बदलत राहायचे तर पैसा ओतत राहावा लागतो. पण न्यूयॉर्कने 'इंट्रेपिड' राखली, सॅन दिएगोने 'मिडवे' राखली. अमेरिकेत अशी पाच विमानवाहू जहाजं लोकांना पाहायला मिळतात. लांब कशाला, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' पाणबुडी २००२ पासून पाहता येते. विक्रांतच्या घराण्यातली 'मेलबर्न' ऑस्ट्रेलियाने १९८५ मध्ये चीनला भंगारात विकली, तर चिनी अभियंत्यांनी मोडण्याआधी तिचा बारकाईने अभ्यास केला. महायुद्धातल्या त्या आराखड्याची जगात उरलेली शेवटची नौका आपल्याकडे होती. तिचं पोलाद पुढे बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलच्या टाकीत गेलं, मुंबईत लायन गेटजवळ तिच्याच धातूचं स्मारक उभं राहिलं. या दोन्हींमागची भावना खरी आहे. पण टाकीला हात लावून बॉयलर कुठे होता, विमानांची लिफ्ट किती खोल जायची, हँगरमध्ये माणूस कसा फिरायचा, हे कळत नाही. रचना गेली, धातू राहिला. आप्पांच्या ओसरीवर याच्या उलट घडतंय, आणि म्हणून मी त्याला छंद म्हणत नाही.

नागावच्या हवेत हे काम ऋतू सांभाळून करावं लागतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून पट्ट्या फक्त थंडीत चढतात. दमट हवेत रंगावर पांढुरकी धुकटी येते, म्हणून जून ते ऑक्टोबर फवारा बंद. तेव्हा तारेला डाग देण्याची आणि कागदावरची कामं. तांब्याचे कठडे महिन्याभरात हिरवे पडतात, ते लगेच प्रायमरखाली झाकावे लागतात. जहाजाखालची बैठक फणसाच्या फळीची आहे. जून २०२० मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ आलं तेव्हा या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. आप्पांच्या बऱ्याच पोफळी गेल्या, दाराजवळचा फणसही पडला. आप्पांच्या पत्नीने, काकींनी, त्याच्या फळ्या जळणात जाऊ दिल्या नाहीत. त्यातली एक त्यांनी स्वतःच नवऱ्याला काढून दिली.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने काचपेटीसह मॉडेल मागितलं होतं, चांगली रक्कमही सांगितली. आप्पांनी नाही म्हटलं. त्यांना ते शाळेला द्यायचंय, आणि काचेत नको. पुढची लिफ्ट खाली उतरलेली ठेवणार आहेत, म्हणजे पोरांना वाकून हँगरच्या आत बघता येईल. पोरं कठडे मोडतील, असं मी म्हटलं.

"मोडतील. तार आहे ना अजून," ते म्हणाले, "आणि कसं जोडायचं ते शाळेत येऊन दाखवेन."

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की डेकचा राखी रंग आहे. त्याच थंडीत नाळेची चौथी खेप, आणि सी हॉकची अजून तीन विमानं.