गाडी बंद, चार्जिंग चालू

मोटारीच्या डॅशबोर्डवरील १२ व्होल्टच्या सॉकेटला इंजिन चालू असताना अल्टरनेटरकडून वीज मिळते आणि इंजिन बंद असताना बॅटरीकडून. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. गाडी बंद ठेवून मोबाईल चार्जिंगला लावला की बॅटरी उतरते आणि मग गाडी सेल्फ घेत नाही, हा समज आता इतका पक्का झाला आहे की तो तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

त्याचे परिणाम पाहायचे तर टेंभुर्णी चांगली जागा आहे. पुण्याहून येताना इंदापूर मागे टाकून भीमा ओलांडली की टेंभुर्णी लागते आणि सोलापूरचा महामार्ग सोडून पंढरपूरला वळणाऱ्या गाड्या इथूनच फुटतात. आषाढी-कार्तिकीला, लग्नसराईत, एरवी शनिवार-रविवारीही ढाब्यांसमोर गाड्यांची रांग असते. तीतल्या काही गाड्यांची इंजिने घुरघुरत असतात. आत माणूस नसतो, फक्त लायटरच्या पॉइंटला लटकलेला एक फोन असतो. मालक आत मिसळ खात असतो आणि विचारले तर उत्तर ठरलेले: ‘बंद केली तर बॅटरी बसेल.’ उभ्या गाडीचे इंजिन, लहान असले तरी, तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी उभ्या गाडीच्या चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस तरी हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक तरी लावलेला हवा. म्हणजे अर्ध्या तासाच्या चार्जिंगसाठी पेट्रोल जाते, कायदा मोडतो आणि गाडी चोरणाऱ्याची चावी फिरवण्याची मेहनतही वाचते.

हिशोब अवघड नाही. ५,००० मिलीअँपिअर-तासांची, हल्लीच्या फोनमध्ये सर्रास असणारी बॅटरी सुमारे ३.८५ व्होल्टची असते. तिच्यात १९ वॅट-तासांच्या आसपास वीज मावते. चार्जरमध्ये आणि उष्णतेत जाणारी वीज धरली तर फोन शून्यापासून पूर्ण भरायला गाडीच्या बॅटरीतून २५ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे २ अँपिअर-तास लागतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. डिझेल गाड्यांची ६० ते ७० पर्यंत जाते. पूर्ण रिकामा फोन पूर्ण भरला तरी लहान गाडीच्या बॅटरीचा सतरावा हिस्सा गेला. जेवणाच्या अर्ध्या तासात तर साध्या चार्जरने फोन निम्मादेखील भरत नाही.

सेल्फला किती लागते तेही पाहावे. स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, डिझेल गाडीत त्याहून जास्त. पण ओढतो सेकंद-दोन सेकंदच. १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.१ अँपिअर-तासाहूनही कमी. त्यामुळे निरोगी बॅटरीत निम्मी वीज उरली असली तरी गाडी चालू होते. बॅटरी कुठे कमी पडते, तर एवढा मोठा प्रवाह एकदम देण्यात. तिची ही ताकद वयाने आणि उष्णतेने आधीच खचलेली असेल, तर फोन नसतानाही ती एखाद्या सकाळी हात वर करते.

मग ढाब्यावर बंद पडलेल्या गाड्यांचे काय? त्या पडतात, हे खरेच आहे. एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. मे महिना, दुपार, सावलीत उभी केलेली हॅचबॅक. मोठी माणसे जेवायला उतरली आहेत, दोन मुले गाडीतच आहेत. चावी ‘ऑन’वर, पंखा चारवर, गाणी चालू, फोन चार्जिंगला. दीड तासाने सगळे परत येतात. सेल्फ मारला की नुसते टक-टक-टक. त्याबरोबर सगळ्यांच्या नजरा फोनकडे वळतात आणि तो उपटला जातो. आता आकडे मांडून पाहावेत. पूर्ण वेगातला ब्लोअर १२ अँपिअरच्या आसपास घेतो, दीड तासात १८ अँपिअर-तास. चावी ‘ऑन’ असल्याने जागे राहिलेले मीटर, इंजिनाचे नियंत्रक आणि इतर किरकोळ यंत्रणा मिळून ५. गाण्यांना २. फोनला २. एकूण २७, आणि त्यांपैकी गुन्हेगार ठरलेल्या फोनचे २. बॅटरीवर छापलेली ३५ ची क्षमता वीस तास हळूहळू वीज काढण्याच्या हिशोबाने असते; भराभर काढली की ती कमीच मिळते आणि तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीत तर मुळातच तेवढी उरलेली नसते. गाडी बंद पडायचीच होती. ती पंख्याने पाडली. आणि तोही एसीचा पंखा नव्हे, नुसता गरम हवेचा, कारण नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे थंड हवा बंद.

इथेच चावीच्या खटक्यांचा प्रश्न येतो आणि तो फोनपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. पहिल्या खटक्यावर, म्हणजे ‘एसीसी’वर, सॉकेट आणि गाण्यांची यंत्रणा एवढेच साधारणपणे चालू होते. दुसऱ्या खटक्यावर, ‘ऑन’वर, सगळी गाडी जागी होते. बटणाच्या गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबले की बहुधा ‘एसीसी’, दोनदा दाबले की ‘ऑन’. चार्जिंगसाठी पहिला खटका पुरतो. काही गाड्यांचे सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहते. तिथे चावीला हातच लावावा लागत नाही. आपल्या गाडीत काय आहे हे चावी काढून, चार्जरचा दिवा लागतो का एवढे पाहिले की कळते. हे न पाहता वर्षानुवर्षे इंजिन चालू ठेवणारी माणसे आहेत.

समज आला कुठून, हेही उघड आहे. इंजिन बंद असताना सॉकेट दीर्घकाळ वापरल्यास बॅटरी उतरू शकते, अशी सूचना बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत असते आणि ती बरोबर आहे. तोंडोतोंडी पसरताना तिच्यातले ‘दीर्घकाळ’ गळाले. दुसरे मूळ जुन्या गाड्यांत आहे. अल्टरनेटर येण्यापूर्वीच्या डायनामोतून इंजिन हळू फिरत असताना पुरेशी वीज निघत नसे, त्यामुळे बॅटरी कायम अर्धपोटी. तेव्हाच्या ड्रायव्हरांनी वीज जपून वापरायला शिकवले ते अनुभवाने. मात्र तेव्हा जपायचे होते ते हेडलाइटच्या बाबतीत, आणि ती शिकवण आजही लागू आहे: हॅलोजनचे दोन हेडलाइट मिळून ९ अँपिअर घेतात आणि लहान गाडीची बॅटरी तीन-चार तासांत झोपवतात.

फोनला घाबरणारी हीच माणसे इन्व्हर्टर लावताना मात्र निर्धास्त असतात. सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे तिथून १२० ते १८० वॅटच मिळतात. इन्व्हर्टरवर ५०० वॅट छापले म्हणून त्या सॉकेटमधून ५०० वॅट निघत नाहीत. दीड हजार वॅटच्या शेगडीला १२ व्होल्टला सव्वाशे अँपिअर लागतील. फ्यूज त्याआधीच उडतो आणि उडायलाच हवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवण्याचा जो ‘जुगाड’ सांगितला जातो, त्यात फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची तार जळते. गाडीला आग लावण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

‘व्होल्टेज कमी झाले की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, त्यामुळे बॅटरी सुरक्षित’ हा भरवसाही फसवा आहे. बरेच इन्व्हर्टर १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतात. विश्रांती घेतलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इन्व्हर्टर स्वतःला वाचवतो, सेल्फला नाही. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, त्यावर १२.२ दिसले की थांबावे. अंदाजच हवा असेल तर इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा, ३५ ला १० ते १२ अँपिअर-तास, ही मर्यादा धरावी. तेवढ्यात दोन-तीन फोन, किंवा एक लॅपटॉप आणि एक-दोन फोन आरामात भरतात. ४ अँपिअर सतत ओढणारी साधी कूलबॉक्स पेटी अडीच-तीन तासांत तेवढे संपवते.

‘पाच मिनिटे इंजिन चालू केले की गेलेली वीज भरून निघते’ हा तर आळसाने जन्मलेला समज. उभ्या गाडीत अल्टरनेटर हळू फिरतो, त्याच्या विजेतला वाटा गाडी स्वतः घेते. बॅटरीकडे २० अँपिअर गेले असे उदारपणे धरले, तरी पाच मिनिटांत पावणेदोन अँपिअर-तासच भरतात. बॅटरी भरत आली की ती प्रवाहही कमी-कमी घेते. टेंभुर्णी ते सोलापूर हा सव्वा-दीड तासांचा सलग प्रवास मात्र ढाब्यावरचा खर्च बऱ्यापैकी भरून काढतो.

या भागात आणखी एक प्रश्न आहे, तो मोटारींचा नाही, उसाचा आहे. गाळप हंगामात टेंभुर्णीच्या परिसरातील कारखान्यांच्या यार्डात, पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे कारखान्यासारख्या ठिकाणी, नंबर लागेपर्यंत ट्रक आणि ट्रॅक्टर तासन्‌तास उभे असतात. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेले उपकरण तिथे लावले की जळते. ‘१२-२४ व्होल्ट’ लिहिलेला चार्जर चालतो. त्याहून वाईट सवय म्हणजे टेप किंवा दिव्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार काढणे. ती एकटी उतरते, दुसरी भरलेली राहते. ट्रक चालू झाल्यावर दोघींना मिळून २८ व्होल्ट मिळतात, पण वाटणी विषम होते: भरलेली बॅटरी जास्त व्होल्टेजने उकळते, उतरलेली अर्धवट भरते, आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावणे हा यावरचा सरळ उपाय. ट्रॅक्टरचे ओझे तर फोनचे नसतेच. ट्रॉलीपुढे बांधलेले साउंडबॉक्स आणि अँप्लिफायर रात्रभर वाजवून सकाळी ‘चार्जरने बॅटरी खाल्ली’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

बाकीचे समज थोडक्यात निकालात निघतात. चार्जरचा नुसता दिवा बॅटरी संपवतो: नाही, तो काही मिलीअँपिअरचा असतो. गाडी उभी असताना डॅशकॅमने फरक पडत नाही: पडतो, ०.३ अँपिअर म्हणजे दिवसाला ७ अँपिअर-तास, त्यामुळे तीन दिवस बंद गाडीत तो चालू ठेवू नये. सेल्फ मारताना फोन जळतो: बऱ्याच गाड्यांत त्या क्षणी सॉकेटची वीज तोडलेली असते, आणि अशा झटक्यांच्या चाचण्यांसाठी आयएसओ ७६३७ हे मानकही आहे, भीती असलीच तर रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या चार्जरची असावी. बॅटरीचा शत्रू थंडी: थंडीत ती कमकुवत वाटते, पण तिचे आयुष्य सोलापूरचा चाळिशीपुढचा उन्हाळा खातो, कारण तापमान १० अंशांनी वाढले की आतील झीज साधारण दुप्पट वेगाने होते. इलेक्ट्रिक गाडीत हा प्रश्नच नाही: तिथेही डॅशबोर्डवरचे सॉकेट वेगळ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर असते, मोठ्या बॅटरीवर थेट नाही.

बॅटरी उतरलीच तर धक्का मारून गाडी चालू करता येते, पण ती गिअरची असेल तरच. ऑटोमॅटिकला धक्का देऊन फक्त घाम येतो. बॅटरी ठार मेली असेल तर गिअरच्या नव्या गाडीचाही पेट्रोलपंप आणि नियंत्रक जागे होत नाहीत. त्यापेक्षा जंपर केबल बरी. आधी लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धनाला; मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो आणि ठिणगी या शेवटच्या जोडणीलाच उडते. ट्रकच्या २४ व्होल्टवरून मोटारीला जंपर लावू नये. केबल काढताना क्रम उलटा, आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर चालवावी.