संशोधन-मापनाची विश्वसनीयता : संख्याशास्त्रीय गुणांकांची तुलना

प्रस्तावना : एकाच गोष्टीचे पुनःपुन्हा मापन केले असता निष्पत्तीत जी सुसंगती आढळते, तिला विश्वसनीयता म्हणतात. अनेक प्रबंधांत 'अल्फा ०.७० पेक्षा अधिक' एवढ्या वाक्यावर हा प्रश्न निकालात काढला जातो. वस्तुतः प्रत्येक गुणांक निराळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या संदर्भात हा भेद येथे स्पष्ट केला आहे. उदाहरणांतील आकडे गृहीत धरलेले आहेत.

१. अंतर्गत सुसंगती : पर्यटनाविषयी ग्रामस्थांची अभिवृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावलीस क्रॉनबाख यांचा अल्फा (१९५१) उपयुक्त ठरतो. मात्र विधाने वाढविली की अल्फाही वाढतो. स्पिअरमन-ब्राउन सूत्रानुसार (१९१०) ०.६० विश्वसनीयतेची प्रश्नावली समान दर्जाच्या विधानांनी दुप्पट केल्यास विश्वसनीयता ०.७५ होते. त्यामुळे उच्च अल्फा हा प्रश्नावली एकच घटक मोजत असल्याचा पुरावा ठरत नाही.

२. उपकरणांतील मेळ : मुसळधार पावसात टिपिंग बकेट प्रकारचा स्वयंचलित पर्जन्यमापक प्रत्यक्षापेक्षा कमी नोंद करतो. समजा, तो साध्या पर्जन्यमापकापेक्षा नेहमी १० टक्के कमी पाऊस दाखवितो. तरीही पिअरसन यांचा सहसंबंध गुणांक १ येईल आणि ४०० मिलिमीटर पावसातील ४० मिलिमीटरची तफावत झाकली जाईल. निरपेक्ष मेळ तपासणारा अंतर्वर्गीय सहसंबंध गुणांक ही तफावत हिशेबात घेतो. ब्लँड-ऑल्टमन आलेखात (१९८६) ती पावसाबरोबर वाढताना दिसते.

३. निरीक्षकांचे एकमत : 'झँथोफ्रिनी' ही भेकांची प्रजाती २००९ मध्ये प्रस्थापित झाली. तिच्यातील आंबोली टोड अत्यंत मर्यादित क्षेत्रात आढळतो. समजा, दोन निरीक्षकांनी सड्यावरील १०० चौकटी तपासल्या. दोघांनाही टोड आढळला अशा चौकटी २, दोघांनाही आढळला नाही अशा ९० आणि प्रत्येकी केवळ एकालाच आढळला अशा ४ निघाल्या. एकमत ९२ टक्के झाले. परंतु त्यातील ८८.७२ टक्के योगायोगानेही अपेक्षित आहे. म्हणून कोहेन यांचा कापा (१९६०) केवळ ०.२९ येतो. दुर्मीळ जीवांबाबत कापा मुळातच कमी येण्याकडे झुकतो. यास्तव मूळ सारणीही द्यावी.

समारोप : विधानांसाठी अल्फा, उपकरणांसाठी अंतर्वर्गीय सहसंबंध व तफावतीचा आलेख, तर वर्गीकरणासाठी कापा, अशी निवड मापनाच्या स्वरूपावरून व्हावी. ९२ टक्क्यांवर विसंबणारा अभ्यासक सड्यावरील टोडची नोंद निर्धोक मानील. पुढील वर्षी संख्या घटल्यास ती घट जीवांची की निरीक्षकांच्या नजरेची, हे मात्र त्याला सांगता येणार नाही.