बिडी सोडायची तर आधी स्वभाव ओळखा

आमच्या ओळखीच्या दोन सख्ख्या भावांनी एकाच दिवशी बिडी सोडली. थोरल्याची सुटली. धाकट्याने चौथ्या दिवशी पानठेल्यावर उभे राहून पुन्हा पेटवली. तेव्हापासून घरात त्याला एकच ऐकावे लागते, "तुझ्यात जिद्दच नाही." आता तो सोडायचे नावही काढत नाही. असे बोलून घरचे लोक त्याची मदत करत नाहीत, उलट बिडीचीच मदत करतात, असे आम्हाला वाटते.

धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचते. सवय झालेल्या मेंदूला ते मिळाले नाही की चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात. दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. हे थोड्याफार फरकाने सगळ्यांना होते. पण कोण कुठे घसरतो, यात स्वभावाचा वाटा असतो.

शिस्तीच्या, ठरवले ते वेळेवर करणाऱ्या माणसाला सोडणे तुलनेने सोपे जाते. थोरला तसा आहे. त्यात त्याचे कौतुक आहेच, पण धाकट्याला मोजायचे माप ते नव्हे.

काळजी करणारा, मनाला लावून घेणारा माणूस ताण आला की घसरतो. कापसाचा भाव पडला, बचत गटाचा हप्ता थकला, की हात खिशाकडे जातो. बिडीने डोके शांत होते, असे तो सांगतो. खरे तर बिडी न मिळाल्याने आलेली बेचैनीच तेवढी शांत होते. सोडून काही आठवडे झालेल्यांची काळजी सरासरीने कमी झालेली आढळते. अशा माणसाने एकट्याने झुंजू नये, डॉक्टरांशी बोलावे. निकोटीनच्या च्युइंगमचा उपयोग होतो. गरोदर बाई किंवा हृदयरोगी असेल तर आधी विचारून घ्यावे.

उतावळ्या स्वभावाच्या माणसाला तलफ आली की थांबवत नाही. पण तलफेची एक लाट साधारण काही मिनिटेच टिकते. तेवढ्या वेळात बंडल आणि माचिस हाताशी नसावी, एवढे पाहावे. आनापान शिकलेल्यांनी तेवढा वेळ श्वासाकडे लक्ष द्यावे.

आणि चारचौघांत रमणारा? त्याला तलफेपेक्षा "घे ना एक" हे शब्द पाडतात. धाकटा याच जातीचा. अशाने गुपचूप सोडू नये, मित्रांना आधीच सांगून टाकावे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन असते. संध्याकाळी ठेल्याऐवजी तिथे बसले तर सोबतही मिळते आणि तीन महिनेही निघतात.

स्वभावाच्या गोष्टीचा गैरवापरही झाला आहे. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी कॅन्सरला सिगारेटपेक्षा माणसाचा स्वभाव अधिक जबाबदार, असे मांडले. त्यांना तंबाखू कंपन्यांचा पैसा मिळत होता. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीत त्यांचे २६ लेख भरवशाचे नाहीत असे ठरले. म्हणून "माझा स्वभावच असा" म्हणून बिडीला माफी देऊ नका.

आपल्याकडे आणखी एक फसगत होते. बिडी सुटते आणि खर्रा सुरू होतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे ओढणारे सुमारे ४, तर तंबाखू खाणारे सुमारे २४ निघाले. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही असतात, आणि दोन्हींनी तोंडाचा कॅन्सर होतो. बायाही खातात, पण त्यांना कोणी विचारत नाही. सोडायचे तर दोन्ही सोडा.

मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात विचारता येते. पहिल्याच प्रयत्नात सुटणारे थोडे. बहुतेकांना अनेकदा प्रयत्न करावे लागतात. घरच्यांनी टोमणा न मारता विचारावे: कुठे ओढली, कुणासोबत, किती वाजता?

आम्ही धाकट्याला हेच विचारले. तो म्हणाला, कामावरून येताना सायकल ठेल्यापाशी आपोआप थांबते. आता तो मागच्या रस्त्याने येतो. अकरा दिवस झाले. मध्ये एकदा ओढली, हेही त्यानेच सांगितले.