‘खाते क्रमांक’ म्हणजे नेमका कोणता? वेबपेजवरची संदर्भानुसार मदत

बीडमधला सोयाबीनचा शेतकरी पीकविम्याचा ऑनलाइन अर्ज भरतो तेव्हा त्याला दोन वेगळे आकडे लागतात: बँकेचा खाते क्रमांक आणि जमिनीचा खाते क्रमांक. दुसरा असतो ८-अ उताऱ्यावर. रकान्यावर नुसतं ‘खाते क्रमांक’ लिहिलं असेल, तर माणूस पासबुकच काढणार! आकडा चुकला की अर्ज परत येऊ शकतो, आणि मुदत कुणासाठी थांबत नाही.

अशा वेळी ‘मदत’ या लिंकखाली लांबलचक पीडीएफ असून उपयोग काय? जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्येच मांडलं होतं की माणसं आधी माहितीपुस्तिका वाचत बसत नाहीत, थेट कामाला लागतात. म्हणून जिथे अडतं तिथेच मदत द्यायची. हीच संदर्भानुसार मदत. तिचे मुख्य प्रकार बघा:

१. रकान्याखालची कायमची ओळ: ‘८-अ वरचा क्रमांक लिहा, बँकेचा नको.’ सगळ्यात साधा उपाय.

२. रकान्याच्या आतला फिकट मजकूर: टाइप करायला लागलं की गायब होतो. एकट्या त्याच्यावर भिस्त नको.

३. प्रश्नचिन्हावर उघडणारी टीप: मोबाइलवर माउस नसतो, म्हणून ती बोटानं दाबूनही उघडली पाहिजे आणि कीबोर्डनंही.

४. चुकीनंतरचा संदेश: ‘अवैध नोंद’ एवढ्यानं काही कळत नाही. ‘हा आकडा बँक खात्याचा वाटतो, ८-अ बघा’ यानं कळतं.

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.० (२००८) या मानकातही अशा मदतीचा निकष आहे, पण तो सर्वांत वरच्या ‘एएए’ पातळीवर. त्यामुळे बऱ्याच साइट्स तिथपर्यंत जातच नाहीत.

आता संशोधनाचं बोलू. ‘मदत उपयोगी असते का?’ हा प्रश्न फार ढोबळ झाला. ‘पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांपैकी कशानं या एका रकान्यातल्या चुका कमी होतात?’ हा मोजता येतो. दोन गट, तोच अर्ज. चुका आणि वेळ मोजा.

पण त्याआधी एक ठरवा: तुमचा वापरकर्ता कोण? गावाकडे अर्ज बऱ्याचदा सेवा केंद्रातला ऑपरेटर भरतो. शेतकरी टेबलाच्या पलीकडे, त्याला स्क्रीन दिसतच नाही. मग त्या रकान्याखाली ‘शेतकऱ्याकडे ८-अ मागा’ हीच ओळ जास्त कामाची ठरेल. संदर्भ म्हणजे फक्त रकाना नाही, समोर बसलेली माणसंही त्यात येतात. प्रयोगाचा आराखडा करताना हे पहिल्या पानावर लिहून ठेवा.